पाळक व्हायचंय? मग रविवार सोडून उरलेल्या दिवसांचं बोलू

पाळकसेवेत, म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या धर्मसेवेत, यायचं म्हणणारे तरुण भेटतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "मला चार लोकांसमोर धड बोलता येत नाही, जमेल का?" जमेल. व्यासपीठावरचं बोलणं आठवड्यातून तासाभराचं. बाकीचा आठवडा ऐकण्यात, जिने चढण्यात, कुणाची तरी वाट पाहण्यात आणि सभागृहाच्या किल्ल्या शोधण्यात जातो. बोलका पाळक लवकर लोकप्रिय होतो, हे खरं. पण घरातलं भांडण, मुलाचं व्यसन, झोप उडवणारी शंका घेऊन लोक येतात ते कमी बोलणाऱ्याकडे, आणि ऐकलेलं पोटात ठेवणाऱ्याकडे. मी मुळात अबोल आहे. या कामात त्याचं कधी अडलं नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. पंथापंथाप्रमाणे नियम बदलतात, पण साधारणपणे ईश्वरविज्ञानाची काही वर्षांची पदवी, हिब्रू-ग्रीकची ओळख, मग अनुभवी पाळकाच्या हाताखाली उमेदवारी आणि शेवटी दीक्षा, असा क्रम असतो. हिब्रू क्रियापदांना घाबरू नका, ती सगळ्यांनाच छळतात. संधी मिळाली तर रुग्णालयात रुग्णांना भेटत पाळकसेवा शिकण्याचं प्रशिक्षण मात्र चुकवू नका. या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत १९२५ साली अँटन बॉयसन यांनी वूस्टरच्या मनोरुग्णालयात केली. ते स्वतः मानसिक आजारातून गेलेले, वॉर्डात रुग्ण म्हणून राहिलेले. ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्याने ग्रंथ वाचतो तितक्याच काळजीने समोरचं जिवंत माणूस वाचावं, हा त्यांचा आग्रह होता.

आता प्रत्यक्षात हे कसं करायचं? खाटेशेजारी उभ्याउभ्या प्रार्थना उरकू नका. खुर्ची ओढा, बसा, फोन खिशात ठेवा. बायबल लगेच उघडू नका. मी एका निवृत्त शिंप्याला भेटायला जात असे. एकदा त्यांचं लक्ष माझ्या बाहीच्या उसवलेल्या शिवणीवर गेलं. मग ती शिवण कशी घ्यायला हवी होती, दोरा कोणता, टाका किती बारीक, यावर ते बोलत राहिले. माझी बाही त्यांच्या बोटांत होती. आजाराचा शब्दही निघाला नाही. मग हात सोडून म्हणाले, "हं, आता करा प्रार्थना." ती प्रार्थना दोन वाक्यांची झाली आणि ती पुरली.

अंत्यविधीचंही असंच. संदेश, म्हणजे प्रवचन, लिहायला बसण्याआधी घरच्यांजवळ जाऊन बसा. गेलेला माणूस कशावर चिडायचा, काय टाकून द्यायला तयार नसायचा, कोणता विनोद परत परत सांगायचा, हे विचारा. रडता रडता लोक हसतात, आणि मग खरं बोलायला लागतात. "ते फार प्रेमळ होते" हे वाक्य कुणाच्याही शवपेटीशेजारी खपतं, म्हणूनच ते ऐकणाऱ्याला काही देत नाही.

रविवारच्या संदेशासाठी शास्त्रपाठांची, म्हणजे बायबलमधल्या ठरलेल्या उताऱ्यांची, तीन वर्षांची फेरी अनेक मंडळ्या (चर्चचे समुदाय) पाळतात: चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून. त्यामुळे एकाच मंडळीत टिकलात तर तोच उतारा पुन्हा समोर येणार. जुनी टिपणं जपा, पण वाचून दाखवू नका, लोकांना कळतं. उतारा मंगळवारी वाचून ठेवावा, म्हणजे आठवडाभर तो डोक्यात मुरतो. शनिवारी रात्री लिहिलेल्या संदेशात विचारापेक्षा घाई जास्त ऐकू येते.

बैठका, हिशेब, गळकं छप्पर, ध्वनिक्षेपकाची कुरकुर याबद्दल काय सांगू? ते असतंच. बायबलमध्ये इथ्रोने आपल्या जावयाला, लोकांचा पुढारी असलेल्या मोशेला, कामं वाटून द्यायला सांगितलं होतं. निर्गम या पुस्तकातला तो अठरावा अध्याय नव्या पाळकाने पंचांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांच्या, पहिल्या बैठकीआधी वाचावा.

मला जास्त बोलायचंय ते सोमवारबद्दल, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवसाबद्दल. या कामाची खरी अडचण अशी की ते कधी पूर्ण झालेलं दिसत नाही. ज्याच्याशी तासभर बोललात तो सावरला की नाही, हे कदाचित वर्षांनी कळेल, कदाचित कळणारही नाही. म्हणून पाळकाजवळ हाताने करायचं, संपणारं, फळ लगेच दिसणारं असं एक काम असावं. मी जुनी पुस्तकं बांधतो. सुटलेले फर्मे (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) एकाखाली एक लावायचे, दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवून आवळायचा, पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवायची आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. सकाळी पुस्तक उघडतं आणि पान निसटत नाही. झालं! गीतांच्या पुस्तकांत सर्वांत मळलेली पानं नाताळची आणि अंत्यविधीची असतात, हेही मला या उद्योगात कळलं. एका पंचांनी याचं मुलांसाठी शिबिर घ्यायला सुचवलं. मी नम्रपणे नाही म्हटलं. प्रत्येक आनंद मंडळीच्या कामी लावायलाच हवा, असं कुठे लिहिलंय?

काही जणांना पाळकाचा छंद म्हणजे कामचुकारपणा वाटतो. त्यांना इतिहास दाखवावा. गिल्बर्ट व्हाइट हे इंग्लंडच्या सेलबोर्न गावातले धर्मसेवक. पाकोळ्या, गांडुळं आणि आपल्या कासवाच्या सवयी टिपत बसायचे. त्या निरीक्षणांचं पुस्तक १७८९ मध्ये निघालं आणि आजही वाचलं जातं. (कासवाचं नाव तिमथी. ती मादी होती, हे तिच्या मरणानंतर कळलं.) संभाव्यतेच्या गणितातले थॉमस बेझ हे प्रेस्बिटेरियन पाळक, त्यांचा निबंध निधनानंतर १७६३ मध्ये छापला गेला. १८१६ मध्ये उष्ण हवेच्या इंजिनाचं पेटंट घेणारे रॉबर्ट स्टर्लिंगही स्कॉटलंडमधले पाळकच. आणि आपले रेव्हरंड ना. वा. टिळक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले.

माझा सर्वांत आवडता मात्र जॉर्ज हर्बर्ट. १६३० ते १६३३ या काळात बेमर्टन या लहान गावात सेवा केलेला कवी-पाळक. आठवड्यातून दोनदा तो सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये संगीत ऐकायला चालत जाई आणि मित्रांबरोबर स्वतःही वाजवी. त्याच्या जुन्या चरित्रात एक प्रसंग आहे. वाटेत एका गरिबाचा घोडा ओझ्याखाली कोसळलेला दिसला. हर्बर्टने अंगरखा उतरवला, ओझं उतरवायला, घोडा उठवायला आणि पुन्हा लादायला मदत केली, आणि तसाच चिखलाने माखून संगीताच्या बैठकीला पोहोचला. एरवी इतक्या नीटनेटक्या माणसाला असं पाहून मित्र चकित झाले. मला यातली गंमत अशी वाटते की तो घोड्यासाठी थांबला, पण संगीत चुकवलं नाही.

थकवा येईल तेव्हा बायबलमधला, राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. खाऊ घातलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. प्रश्न विचारला गेला तो पुढे, लांबचा प्रवास झाल्यावर.

नव्या मंडळीत रुजू होताना पहिल्याच आठवड्यात पंचांना सुट्टीचा वार सांगून टाका, घरच्यांसमोर सांगितलात तर उत्तम. त्या दिवशी फोन कोण घेणार, हेही ठरवा. मरण आणि अतिदक्षता विभाग यांना सुट्टी लागू नाही, बाकी सगळं मंगळवारपर्यंत थांबू शकतं. आणि सुट्टीच्या दिवशी अंत्यविधी आलाच, तर बदली दिवस त्याच आठवड्यात घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.