एलिक्सिर, हास्केलमध्ये समांतर काम करताना या चुका टाळा

एलिक्सिर, हास्केलसारखी फंक्शनल भाषा (जिच्यात एकदा ठेवलेली माहिती सहसा बदलत नाही) घेतली की समांतर कामातले सगळे घोळ मिटले, असं बेळगाव-खानापूरकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांशी बोलताना बरेचदा ऐकू येतं. मिटतो तो एकच: एकाच माहितीवर दोघांनी एकदम हात घालण्याचा. रांगा आणि टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपणं) तुमच्याच गळ्यात राहतात.

समजा, निपाणी-चिकोडी भागातल्या साखर कारखान्यासाठी वजनकाट्यांच्या नोंदी एलिक्सिरमध्ये लिहिताय. सगळे काटे एकाच जेनसर्व्हरला (मेसेज घेऊन उत्तर देणाऱ्या प्रोसेसला) जोडू नका. हजारो प्रोसेस (एकमेकींपासून स्वतंत्र चालणारी छोटी कामं) चालवता येत असल्या, तरी एक प्रोसेस एका वेळी एकच मेसेज हाताळते. गळीत हंगाम भरात आला की तिच्या दारात मेसेज साचतात. त्या रांगेला मर्यादा नसते, त्यामुळे शेवटी मेमरी भरते. ऑब्झर्व्हर (चालू प्रोसेस दाखवणारं साधन) उघडून मेसेज क्यू, म्हणजे ही रांग, बघा. ती चढतच असेल तर काट्यागणिक वेगळी प्रोसेस द्या.

याहून घातक चूक टाइमआउटची. जेनसर्व्हरचा ‘कॉल’ मूळ सेटिंगमध्ये उत्तरासाठी 5,000 मिलिसेकंद थांबतो. मग विचारणारी प्रोसेस कोसळते, पण तिचा मेसेज रांगेतच असतो आणि उशिरा का होईना, त्यावर काम होतं. तोवर काट्यावरच्या माणसाने पुन्हा बटण दाबलेलं असतं. एक ट्रॉली, दोन नोंदी! टाइमआउट वाढवून हे सुटत नाही. प्रत्येक खेपेला काट्यावरच क्रमांक द्या, तो डेटाबेसमध्ये युनिक ठेवा आणि तोच पुन्हा आला तर जुनीच पावती परत पाठवा. ऊसबिलाचा हिशेब आहे, इथे कंटाळा नको.

‘कोसळू दे, सुपरवायझर (कोसळलेली प्रोसेस पुन्हा सुरू करणारी प्रोसेस) उठवेल’ हे एर्लँगकडून, म्हणजे एलिक्सिर जिच्यावर उभी आहे त्या भाषेकडून, आलेलं तत्त्व चांगलंच आहे. पण उठलेली प्रोसेस कोऱ्या पाटीने उठते. म्हणून नोंद डेटाबेसमध्ये गेल्यावरच पावती द्या. शिवाय 5 सेकंदांत 3 पेक्षा जास्त वेळा उठवायची पाळी आली, तर मूळ सेटिंगमध्ये सुपरवायझरही हात टेकतो.

हास्केलवाल्यांची तक्रार वेगळी: चार कोअर असून एकच पळतो. आधी ‘-थ्रेडेड’ (-threaded) देऊन कंपाइल केलंय का आणि चालवताना ‘-एन’ (+RTS -N, सगळे कोअर वापरायला सांगणारा पर्याय) दिलंय का, ते पाहा. त्यासाठी कंपाइल करताना ‘-आरटीएसऑप्ट्स’ही (-rtsopts) लागतो. तरीही वेग वाढला नाही, तर दोष आळशी मूल्यमापनाचा (उत्तर खरोखर लागेपर्यंत आकडेमोड पुढे ढकलण्याचा) असू शकतो. समांतर धाग्याने (थ्रेडने) यादीचं फक्त तोंड उघडलेलं असतं, खरी आकडेमोड नंतर मुख्य धाग्यावरच होते. ‘डीपसेक’ (deepseq) या लायब्ररीमधलं ‘फोर्स’ वापरून ती त्या धाग्यातच पूर्ण करून घ्या.