स्वतःचा घोडा नसला तरी घोडेस्वारी सुटू नये म्हणून या चुका टाळा

सोलापुरात हौसेने घोडेस्वारी शिकायला जाणारे बरेच असतात. वर्षभराने त्यांतले थोडेच मैदानावर दिसतात. का सोडलं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "स्वतःचा घोडा नाही, दुसऱ्याच्या घोड्यावर किती दिवस बसायचं?" घोडा घेणं परवडत नाही ही अडचण खरीच आहे आणि ती लगेच सुटणारी नाही. पण माझ्या मते मन उतरतं ते काही सवयींमुळे, आणि त्या सवयी आपल्या हातातल्या आहेत.

फक्त खोगिरावरचा वेळ मोजणं

ही सगळ्यात मोठी चूक. रविवारी जायचं, कोणीतरी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळून उभ्या केलेल्या घोड्यावर बसायचं, पाऊण तासाने लगाम मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या हातात देऊन गाडीला किक मारायची. अशाने घोडा भाड्याच्या सायकलसारखा होतो, आणि भाड्याच्या सायकलवर कुणाचा जीव जडत नाही.

अर्धा तास आधी पोचा. "मामा, आज खरारा मी करू का?" एवढं मोतद्दाराला विचारून बघा. खरारा म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासून साफ करणं. खरारा करताना मोकळा हात पाठीवरून आणि तंगाच्या जागेवरून फिरवत राहा. कुठे केस घासले गेलेत, कुठे सूज आहे, कुठे हात लावताच कातडी थरथरते, हे हळूहळू बोटांना कळायला लागतं.

मग खूर. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा. नडगीवर हलका दाब दिला की शिकवलेला घोडा पाय उचलून देतो. खूर साफ करायच्या हुकाने टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती आणि लीद काढत जायचं. मधे त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, त्यात हूक रुतवायचा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मात्र नीट साफ करायच्या, कारण खडे तिथेच अडकतात. तिथून कुजकट वास आणि काळा चिकट द्रव आला तर खूर सडायला लागलाय, मालकाला त्याच दिवशी सांगा. असं सांगणाऱ्या माणसाला मालक विसरत नाहीत. गर्दी नसेल तेव्हा "या, एक फेरी मारा" असा फोन त्यालाच येतो.

एकाच घोड्याचा हट्ट

ठरलेला घोडा नसला की काहीजण परत फिरतात. वेगवेगळ्या घोड्यांवर बसणं ही तुमची कमतरता नाही, स्वतःचा घोडा असणाऱ्यांना सहसा न मिळणारी तालीम आहे. ऑलिंपिकमधल्या मॉडर्न पेंटॅथलॉन या खेळात पॅरिस 2024 पर्यंत घोडेस्वारी होती. तिथे स्पर्धकाला चिठ्ठीने अनोळखी घोडा मिळायचा आणि ओळख करून घ्यायला फक्त 20 मिनिटं. त्यानंतर लगेच अडथळ्यांवरून उड्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या प्रकारात अंतिम फेरी गाठून 23वा आलेल्या फवाद मिर्झाचा घोडाही प्रायोजकांच्या मालकीचा होता.

लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात बघा. आषाढी वारीत माळशिरसजवळ पुरंदावडेला माउलींच्या पालखीचं गोल रिंगण होतं. दोन्ही अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही, दुसऱ्यावर पताका घेतलेला स्वार असतो. यंदा गेलात तर दर्शन घ्याच, पण स्वाराच्या कमरेकडे आणि हाताकडेही लक्ष द्या.

एक छोटी वही ठेवा. कोणता घोडा डावीकडे वळताना अडतो, कोण उजव्या बाजूने आलेल्या मोटरसायकलला बुजतो, दुडकीतून (हलक्या धावेतून) कोण सहज थांबतो, तेवढंच लिहा. रील्समधल्या भरधाव घोड्यांशी स्वतःची तुलना करण्यापेक्षा मागच्या महिन्यातलं पान वाचलेलं बरं.

वरातीच्या घोडीकडून भरधाव पळण्याची अपेक्षा

आपल्याकडे बसायला मिळणाऱ्या घोड्यांपैकी काही लग्नाच्या कामातलेही असतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. घोडी रात्री उशिरापर्यंत डांबरी रस्त्यावर, बँजो आणि फटाक्यांच्या आवाजात उभी असते. सकाळी ती पाय उचलत नाही म्हणून नाराज होऊन घरी येऊ नका. आधी विचारा, "काल वरात होती का?" असेल तर त्या दिवशी बसू नका, तिला हाताने धरून थोडं फिरवा, खरारा करा, पाणी दाखवा. तोंडात काटेरी लगाम दिसला तर बसायला नकार द्या आणि कारणही सांगा. काटे असलेल्या लगामावर 1965 च्या नियमांनुसार बंदी आहे. वजनाचंही भान हवं: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्याच्या वर जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या घोडीला म्हणजे जास्तीत जास्त 70 किलो.

उन्हाळ्यात सगळंच बंद

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की घोड्याला पहाटेच बाहेर काढावं, तेही थोडा वेळ. पण तुमचा व्यायाम थांबायचं कारण नाही. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली सोडा, रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) टाच खाली ठेवायला याचा उपयोग होतो. भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठकीत थांबा. जूनमध्ये खोगिरावर बसल्यावर मांड्या भरून आल्या नाहीत की हुरूप आपोआप टिकतो.

कंटाळा आला म्हणून अकलूजच्या बाजारात घोडा घेणं

दिवाळीच्या सुमारास भरणारा अकलूजचा घोडेबाजार बघायला जरूर जा. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांमधला फरक डोळ्यांनी शिका, जाणकार दात बघून वय कसं ओळखतात ते विचारा. पैसे मात्र घरी ठेवा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच ते सात किलो कोरडा चारा लागतो, वर चंदी, म्हणजे धान्याचा खुराक. पाणी 25 लिटर तरी, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. शिवाय डॉक्टर, जागा आणि सांभाळायला रोजचा माणूस. आठवड्यातून एक दिवस वेळ असणाऱ्याने घोडा घेतला तर उरलेले सहा दिवस तो थानावर बांधलेला राहतो, आणि हे त्या जनावरावर अन्याय करणारं आहे.

मधला मार्ग आहे. मालकाशी महिन्याची ठराविक रक्कम ठरवून आठवड्यातले दोन-तीन दिवस एकच घोडा आपल्यासाठी राखून ठेवायचा. राहील त्यांच्याच पागेत, त्या दिवसांची देखभाल तुमची. पण तोंडी व्यवहार करू नका. कोणते दिवस, नालाचा खर्च कोणाचा, तुमच्या हातून घोडा जखमी झाला तर डॉक्टरचं बिल कोण भरणार, लग्नसराईत घोडा वरातीला गेला तर बुडालेले दिवस पुढे मिळणार का, हे सगळं कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मालक ओळखीतला असेल तर नक्कीच करा.