आरव्हीच्या गिझरवर केबिन गरम करताय? या चुका टाळा

अमेरिकेत थंडीत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन हिंडणाऱ्याच्या डोक्यात ही कल्पना कधी ना कधी येतेच. फर्नेसचा, म्हणजे गॅसवर हवा तापवणाऱ्या हीटरचा, पंखा रात्रभर घरघरतो, बॅटरी खातो आणि इकडे गिझरमध्ये गरम पाणी आयतं पडून आहे. ते छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं, मागे बारा व्होल्टचा पंखा लावायचा, झालं! होतंही. पण आधी हिशोब करा.

नेहमीचा गिझर 6 गॅलनचा, म्हणजे साधारण 23 लिटरचा. पाणी 60 अंशांवरून 40 वर येईपर्यंत त्यातून जेमतेम अर्धा युनिट उष्णता मिळते. किलोवॅटभर उष्णता देणारा रेडिएटर ती अर्ध्या तासात फस्त करतो. म्हणजे भिस्त टाकीवर नाही, गिझरच्या गॅस बर्नरवर. तो तासाला सुमारे 12,000 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) गॅस जाळतो आणि त्यातलीही काही उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. फर्नेस 20 ते 40 हजार बीटीयूची असते. गिझर विजेवर चालवलात तर 1,440 वॅट, म्हणजे पाच हजार बीटीयूही नाहीत. ऑक्टोबरच्या गारव्याला पुरेल, बर्फाला नाही.

म्हणून फर्नेस काढून टाकू नका. बऱ्याच गाड्यांत तिची गरम हवा तळाच्या पोकळीतही जाते. टाक्या आणि पाइप गोठत नाहीत ते तिच्यामुळे. नाहीतर वर तुम्ही उबेत आणि खाली पाइप फुटलेले.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे नळाचं पाणी थेट रेडिएटरमधून फिरवणं. बरेच जण भंगारातल्या गाडीचा हीटर कोअर, म्हणजे तिच्या हीटरमधला छोटा रेडिएटर, लावतात. त्याच्या जोडांत शिशाचं सोल्डर असू शकतं, आत जुनं कूलंट असतं, आणि त्याच नळाखाली तुम्ही तांदूळ धुणार! मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर घाला, त्यात पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे जाते. एका बाजूने गिझरचं पाणी, दुसऱ्या बाजूने रेडिएटरचा बंद फेरा. त्याला छोटी एक्स्पान्शन टाकीही हवी, तापून फुगलेल्या द्रवाला जागा द्यायला. फेऱ्यात प्रोपिलीन ग्लायकॉलच भरा. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, वर चवीला गोड. गिझरच्या बाजूचा पंप पिण्याच्या पाण्याला चालणारा आणि गरम पाणी सोसणारा हवा. कारंज्याचा स्वस्तातला पंप इथे टिकत नाही.

केबिन तापत नसेल तर आधी दोन्ही नळ्यांना हात लावा, जरा जपून. आत जाणारी गरम आणि परतीची गार असेल तर प्रवाह अडलाय, बहुतेक हवा अडकलीय. सगळ्यात उंच जागी हवा काढायचा स्क्रू बसवा. दोन्ही गरम आणि झोत मात्र गार, तर पंखा किंवा धूळ. दोन्ही कोमट, तर बर्नर पुरा पडत नाहीये.

गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतोय म्हणून त्याला बूच मारू नका. तापलेलं पाणी फुगतं, त्याला वाट लागते. टाकी रिकामी असताना विजेचं बटणही दाबू नका, एलिमेंट काही क्षणांत जळतं.

आणि रेडिएटरच्या पंपाचं बटण बाथरूमच्या दाराशी बसवा. अंगाला साबण लावल्यावर पाणी गार झालं की कळतं का ते.