ऑक्टोबर छाटणी झाली, आता पर्जन्यमापकाचे नरसाळे धुवा

द्राक्षबागा पोंगा अवस्थेत (छाटणीनंतर डोळे फुगून फुटू लागतात तेव्हा) आल्या असून परतीचा पाऊस अजून ओसरलेला नाही, त्यामुळे बागायतदारांनी आपल्या बागेतल्या छोट्या स्वयंचलित हवामान केंद्राचे पर्जन्यमापक आजच उघडून स्वच्छ करावे. मोबाइलवर दिसणारा डाऊनीचा (द्राक्षावरील केवडा रोगाचा) अंदाज म्हणजे तापमान, पाऊस, आर्द्रता आणि पान किती तास ओले राहिले या नोंदींवरून संगणकाने मांडलेले बुरशीच्या वाढीचे गणित असते. नोंद चुकली की गणितही चुकते.

निफाडकडील एका बागेत फोनवर ‘धोका नाही’ असे दिसत होते आणि पान उलटले तर खाली पांढरी बुरशी होती. नरसाळ्याच्या तोंडाशी कडुनिंबाची पाने आणि कोळ्याचे जाळे अडकले होते. रात्रीचे पाणी वरच तुंबले होते, नोंद मात्र शून्य. त्या बागेतले घड फुलोऱ्याआधीच कुजले.

तापमान 10 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त, फुटवे 10 सेंमीचे आणि 24 तासांत 10 मिमी पाऊस, हा पहिल्या लागणीचा जुना ठोकताळा आहे. नाशिकला ऑक्टोबरात तापमानाची अट रोजच पूर्ण होते, म्हणून फुटवे वाढले की सगळी भिस्त पावसाच्या नोंदीवर येते. चाचणी सोपी आहे: 16 सेंमी व्यासाच्या नरसाळ्यात 100 मिली पाणी सावकाश ओतावे, सुमारे 5 मिमी नोंद व्हायला हवी. हे पाणी पाऊस म्हणून धरले जाऊ नये यासाठी अंदाजाची सेवा देणाऱ्या कंपनीस आधी कळवावे. पानओलावा सेन्सरवर बोर्डोचा (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणी मिश्रणाचा) थर बसल्यास तो कोरडा असूनही ओला दाखवू शकतो आणि नाहक फवारणी होते. प्रत्येक फवारणीनंतर तो ओल्या मऊ कापडाने पुसावा.



अंदाज फसला की दुकानदार महागडे आंतरप्रवाही (झाडात भिनणारे) बुरशीनाशक मिश्रण पुढे करतो, नाहीतर आणखी एक सेन्सर घ्यायला सांगतो. नरसाळे तपासल्याशिवाय यांपैकी काहीही घेऊ नये. धोका दिसताच, पाऊस येण्यापूर्वी, मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक 2 ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून पानांच्या खालच्या बाजूस पोचेल असे फवारावे. निर्यातीच्या बागेत मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतील काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतले किमान दिवस) काटेकोर पाळावा.

माझा स्वतःचा अनुभव असा की, पहाटे बागेत फिरताना गवताने पाय भिजले आणि सेन्सर कोरडे सांगत असला, तर मोबाइल खिशात ठेवून आधी पाने उलटून पाहावीत आणि लगेच केंद्र उघडावे.