गोव्यात पहिली छोटी यॉट शिकायची असेल तर आधी वाऱ्याचं टाइमटेबल शिका

यॉट चालवायला किती दिवसांत येते हे सगळेच विचारतात. टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा हातात धरून बोट सरळ न्यायला अर्धा तास पुरतो, पोरंटोरंही करतात. टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते एवढं एकदा अंगात मुरलं की झालं. वेळ लागतो तो वारा कधी कुठून येणार, पाणी कुठल्या दिशेला धावतंय आणि आपण आत्ता बाहेर पडावं की चहा घेत बसावं हे कळायला. गोवा याच्यासाठी मस्त जागा आहे कारण इथला वारा सीझनमध्ये जवळजवळ घड्याळ लावून येतो, शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केले होते ना, तेच इथे रोज प्रॅक्टिकलला असतात.

सीझन आधी बघू. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे समुद्र शांत झाला असं समजून कुणी ऑगस्टमध्ये शीड उघडायला जाऊ नये. मच्छीमारांची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, ट्रॉलर नंतर निघतात, पण ते मोठ्या इंजिनावर आणि आयुष्यभराच्या अनुभवावर जातात. मांडवीच्या तोंडाशी आग्वादची वाळूची पट्टी आहे, पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात, २०१७ च्या जुलैमध्ये एक कसिनो बोट नदीत यायच्या नादात मिरामारला वाळूत रुतली होती, सगळ्यांनी फोटो बघितलेत. नवशिक्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावं. मार्च ते मेमध्ये दुपारचा वारा जास्त जोरात असतो, तोपर्यंत हात बसलेला असेल तर मजा येते, नाहीतर नुसती फरपट.

बोट कुठली? शक्य असेल तर आधी थोडे दिवस डिंगीवर म्हणजे शिडाच्या छोट्या उघड्या होडीवर घालवा. दोनापावला, करंझाळे या पट्ट्यात सेलिंगचे क्लब आहेत, करंझाळ्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जाऊन सध्या कुठले कोर्स चालू आहेत ते विचारा. डिंगीवर चूक केली की लगेच पाण्यात, त्यामुळे वारा कुठून येतो हे मानेला आणि कानाला आपोआप कळायला लागतं. मग बावीस ते सव्वीस फूट लांबीची, किल असलेली बोट. किल म्हणजे तळाखालची जड उभी पात, तिच्यामुळे बोट कितीही कलली तरी सहसा उलटत नाही, पहिल्यांदा कलते तेव्हा जीव घशात येतो खरा. बाकी म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या शिडाच्या बोटी दोन्ही इथल्याच, दिवाडी बेटावर बांधलेल्या, सहा नौदल अधिकारी महिला २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तारिणी घेऊन गोव्यातून निघाल्या आणि २०१८ च्या मेमध्ये जगाला वळसा घालून परत आल्या, हे वाचून डोक्यात हवा जाणं साहजिक आहे, पण त्या बोटी छप्पन्न फुटांच्या आणि ती माणसं वर्षानुवर्षं त्यातच मुरलेली. आपल्याला चोवीस फूट पुष्कळ. सर्टिफिकेट हवं असेल तर आरवायए या ब्रिटिश सेलिंग संस्थेचे कॉम्पिटंट क्रू आणि डे स्किपर हे पाच-पाच दिवसांचे कोर्स असतात, बाहेरच्या देशात बोट भाड्याने घ्यायची असेल तेव्हा डे स्किपरचा उपयोग.

आता दिवसाचं टाइमटेबल. सकाळी सात-आठला जमिनीवरून म्हणजे पूर्वेकडून मतलई असतो, हलका, पाणी सपाट. हा तुमचा शिकायचा वेळ. दोनापावलाकडून किंवा मांडवीतून बाहेर पडा, आग्वादच्या खाडीत भरपूर मोकळी जागा आहे. शीड उभारताना बोटीचं नाक वाऱ्याकडे ठेवायचं, म्हणजे शीड नुसतं फडफडतं आणि दोरी हलकी जाते. मग वाऱ्यापासून हळूहळू बाजूला वळा. थेट वाऱ्याच्या तोंडावर, दोन्ही बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंत कुठलीच बोट शिडावर जात नाही, तिथे अडकलात तर थांबाल आणि मग मागे सरकायला लागाल. वारा बरोब्बर बाजूने घेऊन जाणं सगळ्यात सोपं, पहिला पूर्ण दिवस तेवढंच करा, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, कंटाळा येईपर्यंत.

शीड किती ओढायचं याचं उत्तर जिबवर म्हणजे पुढच्या शिडावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांत असतं. दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहत असले की बरोबर. आतला म्हणजे वाऱ्याकडचा धागा वर उडायला लागला तर शीट म्हणजे शीड ओढायची दोरी थोडी ओढा नाहीतर बोट वाऱ्यापासून दूर वळवा, बाहेरचा लोळायला लागला तर शीट सोडा. नवीन माणूस नेहमी जास्त ओढतो, त्याला वाटतं शीड ताठ म्हणजे स्पीड, प्रत्यक्षात बोट नुसती कलते आणि पुढे काही जात नाही. गोंधळ झाला की शीट सैल सोडा, शीड फडफडेपर्यंत, आणि तिथून फडफड थांबेल इतकीच ओढा. घाबरायला झालं तरी तेच, मेनशीट म्हणजे मोठ्या मेन शिडाची दोरी सोडली की बोट सरळ होते.

विंच म्हणजे दोरी ओढायचा फिरता रूळ, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण हाताची बोटं तिथेच चिरडतात. दोरी नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, वारा हलका असेल तर दोन वेढे, ताण आला की तिसरा. वेढे घालताना मूठ बंद, करंगळी विंचकडे आणि अंगठा तुमच्याकडे, म्हणजे दोरी अचानक सुटून हात ओढला गेला तर मूठ आपटेल, अंगठा आत सापडणार नाही. सोडताना सगळे वेढे एकदम काढायचे नाहीत, डावा तळवा वेढ्यांवर सपाट दाबून उजव्या हाताने शेपूट इंच-इंच सोडायचं. हातात अंगठी असेल तर घरी ठेवून या.

टॅक आधी शिका, जाईब नंतर. टॅक म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवणं, आधी तोंडाने सांगायचं, समोरच्याने हो म्हटल्याशिवाय टिलर हलवायचा नाही, स्पीड असतानाच वळायचं, आणि जिब उलट्या बाजूने भरायला लागली की जुनी शीट सोडायची, आधी नाही. जाईबमध्ये बोटीची शेपटी वाऱ्यातून फिरते आणि बूम म्हणजे मेन शिडाच्या खालचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फाडकन येतो, डोकं फुटायचं हे मुख्य कारण. म्हणून आधी मेनशीट ओढून बूम मध्यावर आणा, मग वळा, मग हळूहळू सोडा. वारा जोरात असेल तर जाईब करूच नका, उलटा पूर्ण वळसा घालून टॅक करा, कुणी हसणार नाही, हसलं तर हसू दे.

अकरा-बाराच्या सुमारास मतलई मरतो आणि सगळं थंड पडतं. याच वेळी इंजिनाची प्रॅक्टिस. आउटबोर्ड म्हणजे मागे टांगलेलं इंजिन चालू केल्या केल्या मागून पाण्याची धार येतेय का बघा, नसेल तर बंद करून पाणी ओढायची जाळी तपासा, मांडवीत प्लास्टिकची पिशवी हमखास असते. बोटीला ब्रेक नाही, हे जेट्टीला लागताना कळतं, म्हणून मोकळ्या पाण्यात एक फेंडर म्हणजे बोटीच्या कडेला टांगायचा फुगा टाकून त्याच्यापाशी थांबायचा सराव करा, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या विरुद्ध दिशेने जाऊन.

नांगरही तेव्हाच टाकून बघा. हिशोब असा, आत्ता पाणी तीन मीटर आहे, भरतीला अजून दोन मीटर चढणार, नाकाची पाण्यापासून उंची एक मीटर, झाले सहा. सगळी साखळी असेल तर पाचपट म्हणजे तीस मीटर सोडा, बहुतेक दोरच असेल तर सातपट, बेचाळीस. नाक वाऱ्याकडे, बोट पूर्ण थांबली की नांगर खाली सोडायचा, फेकायचा नाही, मग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून हळू ओढून बघायचं. किनाऱ्यावरचा एखादा माड आणि त्याच्या मागचं घर एका रेषेत धरा, ती रेष सरकायला लागली तर नांगर घसरतोय. मग जेवा. बिअर किनाऱ्यावर, इथे ती सगळीकडे मिळते.

बाराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा भरतो. मोकळ्या समुद्राकडे बघत राहिलात तर पाण्यावर गडद रेघ दिसते, ती जवळ येते, आणि ती पोचली की पाच-दहा मिनिटांत दहा-बारा नॉट, तीन-चारच्या सुमाराला पंधरापर्यंत, म्हणजे ताशी अठ्ठावीस किलोमीटर. रीफ म्हणजे मेन शीड अर्धवट खाली घेऊन लहान करणं, ते ही रेघ दिसतानाच करून टाका, सपाट पाण्यात पाच मिनिटांचं काम आहे, लाटांत तेच काम अर्धा तास खातं आणि वर एक माणूस ओकत असतो. ओकण्यावरून, ज्याला बोट लागते त्याने उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. टिलर त्याच्याच हातात द्या आणि लांबच्या क्षितिजाकडे बघायला सांगा, केबिनमध्ये झोपायला पाठवू नका.

खाऱ्या वाऱ्याची दुसरी बाजू ओहोटी. मांडवीचं पाणी ओहोटीला पश्चिमेला बाहेर धावतं आणि वारा समोरून आत येतो, दोघांची टक्कर तोंडाशीच होते, आखूड उभ्या लाटा, बोट पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी आपटत राहते. म्हणून दुपारी परत यायची वेळ भरतीला धरा, पाणीच तुम्हाला आत आणून सोडतं. उधाणाला म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला इथे पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, भांगेला म्हणजे अष्टमीच्या आसपास बरंच कमी, आणि सव्वा मीटर खोल किल असेल तर हा फरक वाळूत बसायचं की तरंगायचं हे ठरवतो. मुंबईकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता वगैरे, गोव्यात भरती त्याच्या आधी येते, म्हणून मुरगावचाच टाइड टेबल वापरा, पंचांग फक्त उधाण कधी ते कळायला.

रस्त्याचे नियमही आहेत. शीडवाल्याला इंजिनवाल्याने वाट द्यायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण जाळं टाकलेल्या ट्रॉलरला वाट आपण द्यायची, आणि चॅनलमध्ये म्हणजे जहाजांच्या खोल वाटेत मुरगावला येणाऱ्या जहाजासमोर किंवा बार्जसमोर तर नियम काढत बसूच नका, तो वळू शकत नाही. दोन शिडाच्या बोटी आल्या आणि एकीचा वारा डावीकडून, दुसरीचा उजवीकडून असला, तर डावीकडून वारा घेणारीने बाजूला व्हायचं. समुद्रातून आत येताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या. वास्कोच्या बाजूला नौदलाच्या हद्दी आहेत, तिकडे चार्ट न बघता फिरू नका. आणि जाळी! थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामा कॅन तरंगताना दिसला की त्याच्या खाली दोर आहे असंच धरा. एखादा तांडेल लांबून हात हलवून ओरडत असेल तर तो हाय करत नाहीये, इंजिन न्यूट्रलला टाका आणि त्याच्या हाताच्या इशाऱ्याप्रमाणे जा. इंजिनाच्या पंख्यात दोर गेला तर इंजिन बंद करून शिडावर निघा, सुरी घेऊन लगेच उडी मारू नका.

माणूस पाण्यात पडला तर काय, हे पहिल्याच आठवड्यात, फेंडरला बादली बांधून ती टाकून शिका. ओरडा, लाइफ रिंग फेका, एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही, कारण लाटांत डोकं नारळाएवढंच दिसतं आणि एकदा नजर गेली की परत सापडत नाही. टिलरवाल्याने लगेच टॅक करायचा, जिबची शीट न सोडता, त्याने बोट जवळपास जागीच थांबते. पाण्यात दोर लोंबत नाहीत हे बघूनच इंजिन लावायचं आणि माणूस जवळ आला की न्यूट्रल. जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहणाऱ्यांनीसुद्धा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६, फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. बोट स्वतःची घ्यायची असेल तर रजिस्ट्रेशनसाठी पणजीतल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या ऑफिसला आधी जाऊन या, पैसे नंतर द्या.

गाठींमध्ये बोलाइन, आकडा आठची आणि क्लोव्ह हिच, आणि क्लीटला म्हणजे बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला दोर नीट लावणं, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. टीव्हीसमोर बसून करा, डोळे मिटून जमेपर्यंत.

हे सगळं अंगात बसलं की पहिली लांबची फेरी वेंगुर्ल्याची. आग्वादपासून वीस-पंचवीस नॉटिकल मैल, चार-पाच नॉटने पाच-सहा तास तरी लागतात. दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे उत्तरेकडे जाताना जवळजवळ तोंडावर. म्हणून पहाटे उजाडता उजाडता निघा आणि मतलई बाजूने घेत बारापर्यंत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापा, उरलेलं इंजिनावर. वेंगुर्ल्याच्या वायव्येला समुद्रात खडक आहेत, दीपगृहवाले, त्यांच्या आसपास शॉर्टकट मारायचा नाही. येताना उलट, पहाटेची घाई नाही, पण आरामात मासे-भात खाऊन निघायचं म्हटलं तर पोचायला रात्र होईल, म्हणून नऊलाच नांगर उचला, दुपारी खारा वारा मागच्या कोपऱ्यातून मिळतो आणि बोट पळते. अंधाराच्या आत आग्वादला आलंच पाहिजे, कारण रात्री त्या जाळ्यांवर दिवे नसतात.