डेंटलसाठी नीट देताय? मग निदान या चुका टाळा

दर जूनला नवी बॅच येते आणि तिच्यात दोन-तीन पोरं तरी अशी असतात, ज्यांनी स्वतःला आधीच सवलत देऊन टाकलेली असते. "सर, मला एमबीबीएस नकोच, डेंटलच करायचंय. त्यामुळं एवढं टेन्शन नाही." टेन्शन नसणं उत्तम. पण डेंटलची वेगळी प्रवेश परीक्षा नसते, हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. नीट एकच. तेच १८० प्रश्न, तेच ७२० गुण, तेच तीन तास, शेजारच्या बाकावर एम्सची स्वप्नं बघणारा पोरगा. सरकारी डेंटल म्हटलं की मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई महापालिकेचं नायर ही नावं येतात. तिथल्या जागा मोजक्या आणि यादी बरीच वर बंद होते. अर्ध्या तयारीवर मिळते ती जागा महाग असते, एवढंच.

या अर्ध्या तयारीला पुढं फांद्या फुटतात. पहिली फांदी म्हणजे "बायोलॉजी पाठ केलं की डेंटल पक्कं". बायोलॉजीला ७२० पैकी ३६० गुण आहेत हे खरं. पण उरलेल्या ३६० मध्ये निम्मं फिजिक्स आहे, आणि २०२५ चा फिजिक्सचा पेपर ज्यांनी दिला त्यांना विचारा. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ च गुण होते. फिजिक्स सोडून दिलेल्या पोरांचं त्या दुपारी काय झालं, ते सांगत बसत नाही. रोज दहा गणितं, स्वतःच्या हातानं, उत्तर आधी न बघता. व्हिडिओत सर सोडवतात ती तुमच्या खात्यात धरत नाहीत.

दुसरी फांदी पर्सेंटाइलची. "ओपनला पन्नास लागतात ना सर? म्हणजे ३६०." नव्हे. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे पन्नास टक्के नव्हे, परीक्षा दिलेल्या निम्म्या पोरांच्या पुढं असणं. २०२५ मध्ये खुल्या गटाचा पात्रता गुण १४४ होता, २०२४ मध्ये १६२. याचा दुसरा अर्धा भाग तर आणखी घातक. १५० पडले, निकालावर 'क्वालिफाइड' छापून आलं, गल्लीत पेढे वाटले आणि मग ऑगस्टमध्ये कळलं, की क्वालिफाइड म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. पेढ्यांना माझा विरोध नाही. ते अलॉटमेंट लेटरच्या दिवशी वाटा.

आता ज्या चुकीनं माझं डोकं खरंच फिरतं तिच्याकडे येतो. ही खास आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची आहे. पुण्या-मुंबईच्या शिक्षकांना ती सहसा दिसत नाही.

कागलकडचा एक पोरगा. दहावी गावातच, मार्क झकास. अकरावीला बापानं त्याला निपाणीच्या बाजूच्या एका कॉलेजात घातला. कारण साधं होतं: एसटी दारातनं जाते, फी कमी आणि कॉलेजवाले म्हणाले, नीटचं पण आम्हीच बघतो. "हाकेच्या अंतरावर हाय की सर, रोज जाऊन येतोय," असं बापानं मला नंतर सांगितलं. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, हे बापाला माहीत होतंच. त्याचा डेंटलच्या प्रवेशाशी संबंध आहे, हे माहीत नव्हतं.

पोरगं हुशार. नीटला आपल्या विभागातल्या खाजगी डेंटलची जागा कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, आरामात मिळेल इतके गुण पडले. मग राज्याचा अर्ज भरायला बाप-लेक माझ्याकडे आले आणि बारावी कुठून झाली त्या रकान्यावर गाडी अडली. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास लागतो आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली लागते. केंद्र सरकार, लष्कर वगैरेंतल्या नोकरदारांच्या मुलांना काही सवलती आहेत. उसाच्या शेतकऱ्याच्या मुलाला नाहीत.

बाप म्हणाला, "मग कर्नाटकातनं भरू." तिकडे सात वर्षं कर्नाटकात शिकल्याची अट. याची दोनच. मग कुणीतरी फोनवर सांगितलं, सीमाभागाला वेगळ्या जागा असतात. असतात, पण त्या कर्नाटकात असलेल्या, वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी भाषक मुलांसाठी. कागल महाराष्ट्रात आहे. म्हणजे ज्याचं घर महाराष्ट्रात आणि बारावी तेवढी पलीकडं, तो ना इकडचा ना तिकडचा. बाप बराच वेळ मार्कलिस्टकडंच बघत बसला होता. शेवटी त्यानं अभिमत विद्यापीठात जागा घेतली आणि त्या फीपायी अजून सोसायटीचं कर्ज फिरतंय.

म्हणून आता माझ्याकडे दहावीचा पोरगा आला की मी टक्के नंतर विचारतो. आधी विचारतो, अकरावी कुठं? चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळ या पट्ट्यातल्या पालकांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. राजस्थानातल्या कोटाला पाठवणाऱ्यांनीही. तिथल्या 'इंटिग्रेटेड'मध्ये, म्हणजे क्लास आणि बारावी एकत्र असलेल्या कोर्समध्ये, बारावीचा फॉर्म कुठल्या राज्यातल्या शाळेतून भरला जाणार, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. पैसे भरल्यावर सगळेच "होतंय की, काळजी नको" म्हणतात.

कागदांचं निघालंच आहे तर उरलेलं एका दमात. जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. निकालानंतर पडताळणी समितीच्या दारात उभं राहून काही होत नाही. नॉन-क्रिमिलेअरवर ३१ मार्चची तारीख असते, मागच्या वर्षीचा दाखला फाइलला लावून निवांत राहू नका. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणाचा, हा राज्याचा प्रवर्ग आहे. नीटच्या अर्जात तो नाही, त्यामुळं तिथं ओबीसीवर टिक करू नका, पुढं सगळं निस्तरत बसावं लागतं. अधिवासाचा दाखला जूनच्या गर्दीत सेतूमध्ये काढण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत काढा. आणि दहावीच्या मार्कलिस्टवर नाव जसं आहे तसंच आधारवर आहे का, ते आजच बघा. आज म्हणजे आज.

दुसरी माझी लाडकी चूक ओएमआरची, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेची. ही वाचताना सगळे माना डोलावतात आणि मे महिन्यात पुन्हा करतात.

एक मुलगी होती, बायोलॉजीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची सवय अशी: आधी सगळा पेपर पुस्तिकेतच सोडवायचा, खुणा करायच्या आणि शेवटच्या वीस मिनिटांत गोल काळे करायचे. "असं केलं की फ्लो तुटत नाही सर." घरी, पंख्याखाली, आई चहा आणून देतेय अशा वेळी नाहीच तुटत. परीक्षेत फिजिक्सचा १७ वा प्रश्न तिनं सोडून दिला होता. गोल भरताना मात्र १७ ची ओळ रिकामी सोडायची राहिली. १८ चं उत्तर १७ वर, १९ चं १८ वर, असं ४५ पर्यंत. ४६ पासून केमिस्ट्री. तिथं नव्या पानाबरोबर नंबर बघितला म्हणून गाडी रुळावर आली, नाहीतर १८० पर्यंत गेली असती. ४५ ची ओळ कोरी राहिलेली तिला दिसली, पण तोवर शेवटची मिनिटं चालू होती. शाईचा गोल खोडता येत नाही.

हे आम्हाला कळलं ते परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं ओएमआरची स्कॅन प्रत टाकली तेव्हा. प्रश्नपुस्तिका घरी आणता येते, त्यामुळं एका बाजूला तिच्या खुणांची पुस्तिका, दुसऱ्या बाजूला मोबाइलवर स्कॅन आणि मध्ये उत्तरतालिका असं घेऊन बसलो. पुस्तिकेत उत्तर बरोबर, शीटवर एक ओळ वर. पुन्हा बरोबर, पुन्हा एक ओळ वर. आक्षेप घ्यायला प्रश्नामागं २०० रुपये भरता येतात, पण कशावर घेणार? तालिका बरोबर, स्कॅनरनं वाचलेलंही बरोबर. चुकलेल्या प्रत्येक गोलाला उणे एक, आणि हक्काचे चार गेले ते वेगळेच.

माझा इलाज पुस्तकी नाही. ओएमआरच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणतो आणि एकही सराव पेपर त्याच्याशिवाय देऊ देत नाही. पुस्तिकेचं एक पान संपलं की त्या पानाचे गोल लगेच भरायचे, मगच पान उलटायचं. सोडलेल्या प्रश्नाला पुस्तिकेत मोठी फुली आणि शीटवर पेनाचं टोक त्या रिकाम्या ओळीवर टेकवून, नंबर मनात म्हणून, पुढं. पोरं कंटाळतात. कंटाळू देत. पेन पण साधं काळं बॉलपेनच वापरायचं, कारण केंद्रावर तेच हातात देतात, तिथं तुमचं आवडतं जेल पेन चालत नाही.

सराव पेपरचीच आणखी एक गंमत. पोरं पहाटे पाचला उठून, मेंदू ताजा असताना टेस्ट देतात आणि गुण बघून खूश होतात. नीट असते दुपारी दोन ते पाच, मे महिन्यात, बहुतेक वेळा रविवारी. कोल्हापुरात रविवारी दुपारी दोनला माणूस कुठल्या अवस्थेत असतो ते वेगळं सांगायला नको. तांबडा-पांढरा ओरपून पोर पेपरला बसलं की पहिल्या तासात डुलकी ठरलेली. म्हणून फेब्रुवारीपासून माझ्या सगळ्या टेस्ट रविवारी दोनला असतात, आणि मटण रात्री. आया तक्रार करतात, पण पाळतात.

टेस्ट किती दिल्या याचा आकडा मला सांगू नका. चुकलेल्या प्रश्नांची वही दाखवा. बहुतेकांना वाटतं, निगेटिव्ह तुक्क्यांनी खातं. हिशोब करून बघा: चार पर्यायांत डोळे मिटून वीस तुक्के मारले तर सरासरी पाच बरोबर, म्हणजे वीस गुण आले, पंधरा गेले. दोन पर्याय नक्की कटले असतील तर तुक्का मारावाच. खरं रक्त जातं ते "हे तर येतंय" म्हणून घाईत उडवलेल्या प्रश्नांत. 'खालीलपैकी अयोग्य विधान कोणते' आणि पोरानं पहिलंच योग्य विधान दिसलं की त्यावर टिक केलं. वहीत अशा प्रश्नांसमोर मी लाल पेनानं फक्त 'घाई' लिहायला लावतो. महिन्याभरानं पानभर 'घाई' दिसली की पोरगं स्वतःच ओशाळतं, मला बोलावं लागत नाही.

जुन्या नोट्स आणि जुने टेस्ट पेपर रद्दीत द्या. २०२१ ते २०२४ या वर्षांत काही प्रश्न ऐच्छिक होते, २०२२ पासून वेळही २०० मिनिटं होती. २०२५ पासून १८० च्या १८० सोडवायचे, १८० मिनिटांत. अभ्यासक्रमही २०२४ च्या परीक्षेपासून छाटलाय. दादाच्या किंवा ताईच्या वहीतून शिकणारी डेंटलची पोरं दंतसूत्र, दुधाचे दात, कायमचे दात हे किती प्रेमानं पाठ करतात! आणि पचनसंस्थेचा तो अख्खा धडाच नीटच्या अभ्यासक्रमात नाही. बारावीनंतर आयुष्यभर दातच बघायचेत, सध्या वनस्पतींचं प्रजनन करा.

एनसीईआरटीची बायोलॉजी ओळ न ओळ वाचा, आकृत्यांखालच्या मजकुरासकट. अकरावी-बारावी इंग्रजीतून केली असेल तर पेपरही इंग्रजीच निवडा. टेलिग्रामवर पेपर विकणाऱ्यांना ब्लॉक करा, आणि त्यांच्यासाठी पैसे मागायला आलेल्या मित्रालाही.

निकालानंतरची एक चूक मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तोवर पोरं दमलेली असतात आणि सूत्रं पाहुण्यांच्या हातात जातात. आपल्या जिल्ह्यातलं नवे पारगावचं डेंटल किंवा सांगलीजवळचं कवलापूरचं, यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलकडून होतात. कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती ही अभिमत विद्यापीठांची कॉलेजं, त्यांची नोंदणी दिल्लीच्या एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, वेगळ्या वेबसाइटवर, वेगळ्या तारखांना. तासाभराच्या अंतरावरची कॉलेजं, पण दोन दारं. एकाच दाराशी नोंदणी करून दुसऱ्याच्या यादीत नाव शोधणारे दर वर्षी भेटतात.

आणि मग येतो एजंट. पांढरी गाडी, दोन मोबाइल, "साहेब, मॅनेजमेंटमधून करून देतो, राउंडची वाट कशाला बघताय?" त्याला सही द्यायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींचं शिक्षण शुल्क सरकार पूर्ण भरतं. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच हवा. पहिल्या फेरीला जागा मिळाली नाही म्हणून घाबरून मॅनेजमेंटची सही केली की ही सवलत त्याच दिवशी संपते. पुढच्या फेऱ्या बाकी असतात, मागच्या वर्षीचे कट-ऑफ सीईटी सेलच्या वेबसाइटवर असतात, कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते. एजंट सांगतोय तो आकडा तिथल्या आकड्याशी लावून बघा, आणि फरक कशाचा, ते त्यालाच विचारा.