सबवूफरच्या अँपला हात घालताय? या चुका टाळा

गणपतीची चवथ जवळ आली की गोव्यातल्या डिचोली-साखळीकडची पोरं सबवूफर घेऊन येतात. तक्रार ठरलेली: बास घुमतो, ढोलकीचा ठोका सुटा ऐकू येत नाही. अँप मात्र आधीच उघडून झालेला असतो.

मुळात कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, आवर घालणारा करंट अँप, वायर आणि वूफरची कॉइल या तिन्हींतून फिरतो. ४ ओहमच्या वूफरची कॉइल मीटरवर सव्वातीनच्या आसपास दाखवते. त्यापुढे अँपच्या आउटपुटचे ०.०२ ओहम कमी करून काय मिळणार? वायर बघा. ०.५ स्क्वेअर एमएमची १० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांबं, जवळपास ०.७ ओहम. २०० चा डॅम्पिंग फॅक्टर (वूफरचे ओहम भागिले अँप आणि वायरचे ओहम, म्हणजे कोनवरचा ताबा) तिथेच सहाच्या खाली आला. मी आधी २.५ स्क्वेअरची वायर घालतो आणि खोका कोपऱ्यातून बाहेर ओढतो. बरेच जण तेवढ्यावर खूश होऊन घरी जातात.

तरीही अँपचा फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा जो भाग परत अँपमध्ये जातो तो, बदलायचाच असेल, तर ब्रिज अँप ओळखायला शिका. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने कुठलंसं सर्किट बघून, फीडबॅकसाठी करंट मोजायला, स्पीकरच्या मायनसपासून ग्राउंडपर्यंत ०.२२ ओहमचा रझिस्टर टाकला. त्याचा बोर्ड ब्रिजचा, २४ व्होल्टचा. अशा बोर्डावर स्पीकरच्या दोन्ही टोकांना १२-१२ व्होल्ट असतात, ग्राउंड कुठेच नसतो. म्हणजे त्याने आउटपुट जवळजवळ शॉर्टच केला. प्रोटेक्शन लागून बोर्ड बंद पडायचा, हा पुन्हा चालू करायचा. माझ्याकडे आला तेव्हा रझिस्टरचा कोळसा झाला होता, ट्रॅक उचलला होता आणि आयसीला भोक पडलं होतं. सप्लाय काढून मायनस ते ग्राउंड मीटर लावला असता तर बीप आलाच नसता. बीप नाही तर हे सर्किट नाही. दहा सेकंदांचं काम, पण घाई असलेल्याला तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक हुशार मुलं करतात. त्याच रझिस्टरवरून पॉझिटिव्ह फीडबॅक देऊन कॉइलचा रेझिस्टन्स खोडून काढायचा, म्हणजे बास एकदम घट्ट. तत्त्व बरोबर आहे. पण तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे ०.३९ टक्के वाढतो. तासभर वाजवून कॉइल ६० अंशांनी तापली की ३.२ ओहमचे ३.९५ होतात. त्या गरम कॉइलवर फीडबॅकचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा कंट्रोल) अगदी काठावर नेऊन ठेवला, तर सकाळी थंड वूफरवर अँप ऑसिलेट होतो, म्हणजे इनपुटशिवाय आपोआप वाजत राहतो, आणि कॉइल जळते. मी थंड कॉइल मोजतो आणि निम्म्याच्या पुढे जात नाही.

टीडीए७२९४ या अँपच्या आयसीचा गेन २४ डीबीच्या खाली आणू नका, तोही ऑसिलेट होतो. ६ डीबी बास बूस्ट म्हणजे चौपट पॉवर, तेवढी सप्लायमध्ये आहे का बघा. पोर्टवाल्या (हवेचं भोक असलेल्या) खोक्यात इनपुटचा कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा १० करू नका, त्याने फार खालचा बास आत येतो. खोक्याच्या ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही, तो नुसता फडफडतो. सप्लायचे कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने नव्हे, १०० ओहम १० वॉटच्या रझिस्टरने रिकामे करा. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावा.

आणि फोमची कड दाबून बघा. आपल्या दमट हवेत ती भुसभुशीत होते, आणि फाटलेल्या कडेचा फडफडाट अँप बदलून जात नाही.